सुरुंग दोनच उडाले

बाईनं मोट हाकू नये असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण तासगावच्या पुढच्या त्या माळरानात मोट हाकणारी बाई एकच होती. रिबका शमुवेल वायदंडे. अंगानं शिडशिडीत, रंगानं सावळी, चालणं पुरुषासारखं लांब ढांगांचं. पवळ्या आणि नंद्या हे दोन खिलारी बैल आणि ती, अशी तिघं विहिरीच्या काठापासून उतरत्या धावेवर खाली जायची, पुन्हा पाठीपाठी वर यायची. दिवसभरात किती वेळा, ते मोजायची कुणाला गरज पडली नाही.

वाडीचं नाव बेथेलवाडी. मिशननं चाळीस वर्षांपूर्वी घेऊन दिलेल्या माळावर बावीस घरं, एक कौलारू देऊळ आणि एक विहीर. गावकुसाबाहेरून उठून ही माणसं इथं आली, ख्रिस्ती होऊन प्रभूची झाली आणि दगड वेचून वेचून त्यांनी त्या माळाची शेती केली. हस्ताच्या पावसावर शाळू पेरायचा, पौषात हुरडा खायचा, माघ-फाल्गुनात काढणी आणि मळणी. पहिली पेंढी कापणीच्या सणाला देवळात नेऊन ठेवायची. मग उन्हाळाभर पुरुषमाणसं कृष्णाकाठच्या गुऱ्हाळांवर जायची आणि बाया पाण्यामागं.

कारण विहीर चार पुरुष खोल, चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढी, जाऊन काळ्या पाषाणावर अडली होती. पहिल्या माणसांच्या पहारी तिथं बोथट झाल्या आणि त्यांनी हात टेकले. पावसाळ्यानंतर चार महिने तिला पाणी असे. त्यावर थोडी मिरची, थोडी वांगी, घरापुरता गहू. माघ सरला की तळ दिसायचा. मग बाया घागरी घेऊन हंबीररावांच्या मळ्यात जात. विहिरीपासून दहा हात लांब उभं राहायचं आणि त्यांच्या गड्यानं वरून पाणी ओतायचं. देव बदलला तरी ते दहा हात बदलले नव्हते.

एक्केचाळीस साली शमुवेल पलटणीत गेला. सुरुंग लावणाऱ्या, पूल बांधणाऱ्या आणि पाडणाऱ्या पलटणीत. सासरा आधीच वारला होता. घरात उरल्या रिबका आणि तिची सासू तानुबाई. पहिल्या वर्षी रिबकानं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातापाया पडून पेरणी करून घेतली. ती उशिरा झाली आणि शाळू बोटभर राहिला. दुसऱ्या वर्षी तिनं पदर खोचला आणि पाभर स्वतःच धरली. त्या हिवाळ्यात मोटही धरली.

हंबीरराव त्यांच्या बांधावरून बघत उभे होते. उंच, पांढरा पटका, मिशीला पीळ.

"वायदंड्याच्या सुने," ते म्हणाले, "बाईच्या हातानं मोट चालली तर हिरीचं पानी आटंल."

"दादा, ती दरसाल माघात आटतीयाच," रिबका म्हणाली. "माज्या हातानं आटली तर निदान कारन तरी घावंल."

हंबीरराव हसले नाहीत, पण पुन्हा कधी मोटेवरून बोललेही नाहीत.

*

लढाई संपली आणि सेहेचाळीसच्या फाल्गुनात शमुवेल परत आला. त्या दिवशी त्यांचा शाळू खळ्यावर पडला होता. रिबका तिवड्याच्या खांबाभोवती बैल फिरवत होती. खाकी पिशवी खांद्याला लावून तो खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. तानुबाई रडली, शेजारीपाजारी गोळा झाले. रिबका जागच्या जागी थांबली. पाच वर्षांनी नवरा दिसला तर काय करायचं असतं, हे तिला सुचेना.

शमुवेलनं पिशवी खाली टाकली, पुढं होऊन तिच्या हातातला कासरा घेतला आणि बैलांना हाकारा दिला. नंद्या हलला नाही. शमुवेलनं पुन्हा हाकारलं. मग आसूड उचलला. नंद्यानं पाय रोवले आणि मान फिरवून रिबकाकडं बघितलं. तिनं नुसती जीभ टाळ्याला लावून 'टक्' वाजवली आणि दोन्ही बैल चालू लागले.

जमलेल्यांतून कुणीतरी हसलं. शमुवेलनं कासरा तिच्या हातात परत दिला आणि तो घराकडं निघून गेला. त्यानंतर महिनाभर त्यानं बैलांना हात लावला नाही.

घरात तो सतत भिंतीला डावा खांदा लावून बसायचा. देवळातही डावीकडच्या बाकाच्या टोकाला, भिंतीशी. रिबकाला आधी वाटलं, राग असेल. मग एकदा ती गोठ्यातून त्याच्या डाव्या अंगानं आली आणि तीनदा हाक मारूनही तो वळला नाही. चौथ्यांदा तिनं खांद्याला हात लावला तर तो असा दचकला, की हातातला विळा खाली पडला.

"आवं, तुमास्नी ह्या कानानं ऐकू येत न्हाई?"

त्यानं पडलेला विळा उचलला. मग म्हणाला, "बर्म्यात एक पूल उडवला. वात आखूड निगाली. माजा जोडीदार ग्येला, माजा कान ग्येला. कुनापाशी बोलू नगंस."

"यात लपवायचं काय हाय?"

"अर्धा मानूस घरी आलाय, असं म्हनतील."

ती कुणाला बोलली नाही.

*

आदल्या साली पाऊस कमी झाला होता. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, उपासना संपल्यावर हंबीरराव स्वतः देवळाच्या पायरीपाशी आले. आत आले नाहीत.

"पाळकसायेब," ते म्हणाले, "माझी बी हीर खाली ग्येलीय. आकितीपतूर पानी देतो. त्याच्या फुडं माझी जनावरं जगली पायजेत. घरटी एक घागर, त्याच्यावर न्हाई."

बावीस घरं, लेकरंबाळं, जनावरं आणि घरटी एक घागर. गायकवाड पाळक मधल्या वयाचे, चष्मा लावणारे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिथंच सगळ्यांना पुन्हा आत बसवलं. चर्चा फार लांबली नाही, कारण वाट एकच होती. विहिरीचा पाषाण फोडायचा.

"त्याला सुरुंग पाहिजे," पाळक म्हणाले, "आणि बेचाळीसच्या धामधुमीपासून सरकार दारूच्या चिमटीलाही परवाना मागतंय."

"परवाना माज्या नावानं घ्या," शमुवेल बाकावरून उठत म्हणाला. "पलटणीचं सर्टिफिकेट हाय माज्यापाशी. ह्येच काम क्येलंय पाच सालं."

सगळी मंडळी त्याच्याकडं बघायला लागली. खळ्यावर त्याला हसलेली माणसंही. रिबका बायकांच्या बाजूला बसली होती. उठून सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण तिनं त्याचा चेहरा बघितला. परत आल्यापासून पहिल्यांदा तो भिंत सोडून उभा होता. तिनं ओठ मिटले. मग घरी येताना रिकाम्या रांजणांची रांग बघून तिनं मनाची समजूत घातली, की आपण गप्प बसलो ते वाडीसाठीच.

आठ दिवस पाळक मामलेदाराच्या कचेरीत हेलपाटे घालत राहिले आणि परवाना घेऊनच आले. पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, सूर्य उगवताना खळ्यावर उपासना झाली. दुसऱ्या दिवशी विहिरीत माणसं उतरली.

काम असं चाले. सकाळभर तळाशी छिन्नी-हातोड्यानं तीन भोकं पाडायची, हातभर खोल. शमुवेल त्यांत दारू ठासायचा, वाती लावायचा. बाकीची माणसं वर काढली जायची. मग तो एकटा खाली, तिन्ही वाती पेटवून मोटेच्या नाड्याच्या, म्हणजे जाड दोराच्या, फासात पाय घालायचा आणि नाडा तीनदा हलवायचा. वर बैल धावेनं खाली पळत सुटायचे, आणि जेवढे बैल खाली तेवढा तो वर. वात जळायच्या आत विहिरीबाहेर. नंतर धूर निवला की दगड भरलेल्या पाट्या त्याच बैलांनी ओढायच्या.

त्याचा जीव बैल हाकणाऱ्याच्या हातात होता. पहिल्या दिवशी त्यानं हे काम आपल्या चुलत भावाला, दावीदला दिलं. दावीद ताकदीचा गडी, मनाचा साधा, पण उतावळा. दुसऱ्याच दिवशी शमुवेलला खाली सोडताना त्यानं बैल भरकन मागं घेतले आणि शमुवेल शेवटचं पुरुषभर अंतर सुटून दगडावर आदळला.

वर आल्यावर त्यानं गुडघ्याचं रक्त पुसलं. सगळे तो आता दावीदला शिव्या घालणार म्हणून थांबले होते.

"रिबकाला बोलवा," एवढंच तो म्हणाला.

*

तीन आठवडे रिबकानं तो कासरा धरला. खालची खूण नाड्यातून तिच्यापर्यंत यायची. चाकाच्या कुरकुरीवरून तिला कळायचं, की फासात माणूस आहे की पाटी. विहीर खोल चालली तशी धाव कमी पडू लागली, म्हणून पुरुषांनी मुरूम खणून ती पुढं आणखी सात हात वाढवली. बैलांना मात्र जुन्या जागी थांबायची सवय. तिथं पोचले की ते आपसूक थबकायचे आणि तिला दरवेळी शब्द टाकून त्यांना पुढं न्यावं लागे.

आकिती, म्हणजे अक्षय्यतृतीया, होऊन गेली. घरटी एक घागर पाणी. लहान पोरांचे ओठ फुटले, म्हशी विकाव्या लागतील अशी बोलणी निघाली. विहीर साडेपाच पुरुष झाली तरी दगड कोरडाच. शमुवेलची घाई वाढत चालली. सकाळी जेवायचं तो विसरू लागला. प्रत्येक स्फोटाला तो विहिरीपासून थोड्या अंतरावर दोन्ही पाय फाकवून उभा राहायचा आणि जमिनीकडं बघायचा. बाकीच्यांना ती त्याची मिलिटरीतली रीत वाटे. रिबकाला एकटीला ठाऊक होतं, तो पायांनी मोजतोय.

रोहिणी नक्षत्र निघायला चार दिवस होते. दुपार टळली होती. शमुवेलनं वाती पेटवल्या, रिबकानं त्याला वर काढलं आणि ती बैलांसकट धावेच्या खालच्या टोकालाच थांबली. पुरुष देवळाच्या भिंतीआड गेले. उन्हानं माळ पांढरा पडला होता. रिबकानं नेहमीसारखा तळवा पवळ्याच्या मानेवर ठेवला.

धडाम्. पवळ्या मानेपासून शेपटापर्यंत थरारला. लगेच पाठोपाठ दुसरा. पुन्हा थरारला. मग विहिरीतून दगडांच्या गडगडाटाचा, कोसळण्याचा मोठा आवाज आला आणि जमीन हादरली. पवळ्याची मान तिच्या हाताखाली शांत होती.

ती थांबली. तिसरा आला नाही.

धूर वर येऊन विरळ झाला. पुरुष भिंतीआडून आले. शमुवेल विहिरीकडं चालत आला आणि दावीदला म्हणाला, "चल, उतर. आज मोटा कपचा निगालाय."

दावीदनं पहार उचलली, नाड्याचा फास ओढला आणि रिबकाकडं बघितलं. बैल मागं घेतले की तो खाली जाणार.

तिनं बैल हलवले नाहीत.

"दोनच उडाले," ती म्हणाली.

शमुवेल उजवा कान तिच्याकडं करून वळला. "काय?"

"सुरुंग दोनच उडाले. तिसरा तसाच हाय."

"तीन उडाले. मी मोजले."

"तिसरी दगडाची धडपड हुती." ती थांबली. मग हळू म्हणाली, "वरनं तशीच लागती ती. पायाला."

शेवटचा शब्द त्याच्या एकट्यासाठी होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. आजूबाजूला दहा-बारा पुरुष उभे होते. त्याचाच नियम होता, की एक जरी सुरुंग उडायचा राहिला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी खाली जायचं नाही. पण त्यानं तीन मोजले होते.

"दावीद, तू किती ऐकले?" पाळकांनी विचारलं.

"म्या तर कान झाकलं हुतं."

कुणी दोन म्हणालं, कुणी तीन. दोन एकमेकांवर आले, असं एकजण म्हणाला. पाळक चष्मा पुसत म्हणाले, "रिबकाबाई, शमुवेल त्या कामात शिकलेला माणूस आहे."

रिबकाच्या घशाशी ते शब्द आले होते. त्यांना ऐकू येत न्हाई. चारच शब्द. पण ते उच्चारले की परवाना गेला, विहीर गेली, आणि या सगळ्या माणसांसमोर तिच्या नवऱ्याची मान गेली. तिनं कासरा मनगटाला गुंडाळला.

"दावीदभावजींना म्या सोडनार न्हाई," ती म्हणाली.

"मग मला सोड," शमुवेल म्हणाला.

दूर कुठंतरी टिटवी ओरडली. रिबकानं विचार केला, नाही म्हणावं. पण मग तो कासरा दुसऱ्या कुणाच्या हातात देईल, आणि हा माणूस मागं फिरणाऱ्यातला नाही. खाली जायचाच असेल तर दोर आपल्या हातात असू दे.

"नाडा कंबरंला बांधा," ती म्हणाली. "पायात न्हाई, कंबरंला. आन् खाली ग्येल्यावर सोडू नगा."

"दगड बघायला वाकायचं कसं मग?"

"तसंच वाका. न्हाईतर म्या बैल सोडून घरला जाते."

रागानंच त्यानं नाडा कमरेला आवळला, दोन गाठी मारल्या. रिबका बैलांच्या पुढं उभी राहिली आणि त्यांना एकेक पाऊल मागं रेटू लागली. पवळ्या, मागं. नंद्या, सावकाश. चाक कुरकुरत होतं. दावीद काठावर पालथा पडून आत बघत होता. पाऊल एकही चुकू द्यायचं नव्हतं.

नाडा सैल पडला.

"पोचला तळाला," दावीदनं सांगितलं.

ती धावेच्या वरच्या टोकाला, बैलांच्या मानांमध्ये. तिथून तिला विहीर दिसत होती, तिचा तळ नाही.

"काय करत्यात?"

"पयलं भोक बघतोय. उडालंय... दुसरं बी उडालंय." थोडा वेळ गेला. "आता दगड बाजूला सारतोय."

रिबकानं चाकाकडं नजर लावली. ओठांतल्या ओठांत ती देवबापाला काहीतरी म्हणत होती, त्याला आकार नव्हता.

"वैनी!" दावीद एकदम किंचाळला. "धूर! कडंच्या भोकातनं धूर निगतोय! दादा! आरं दादा, वर ये!"

आत काहीच हालचाल झाली नाही.

"दादा! त्याची पाठ हाय तकडं, त्यो बगंना... शमूदादा!"

खूण आली नव्हती. नाडा हलला नव्हता. माणूस तयार नसताना ओढायचं नाही, हा कामाचा पहिला नियम होता. भिंतीवर आपटून डोकं फुटू शकतं. रिबकाला हे सगळं ठाऊक होतं आणि तिनं त्यातलं काही आठवलं नाही.

"हॅक्! चल माज्या राजा! हॅक्!"

बैल सुटले. नाडा ताठ झाला, चाक किंचाळलं आणि ओझं त्यावर आलं. ती त्यांच्या बरोबरीनं धावत होती, पायांतलं काही बघत नव्हती. धाव संपत आली आणि जुन्या जागेवर येताच दोन्ही बैल थबकले.

अजून सात हात. शमुवेल विहिरीत लोंबकळत होता, वर नाही आणि खाली नाही.

"नंद्या! फुडं!" तिनं शब्द टाकला. पवळ्या रेटला, नंद्या गोंधळला, त्याची मान उलट वळली. रिबकानं कासरा टाकून दिला, जुवाखाली स्वतःचा खांदा घातला आणि पाय मुरमात रोवून ढकललं. तोंडातून शब्द नाही, नुसता आवाज निघाला. नंद्यानं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग दोघांनी एकदम झटका दिला.

"आला! धरला!" दावीदचा आवाज आला.

त्याच क्षणी जमीन फुटल्यासारखी वाटली. विहिरीच्या तोंडातून धुराचा आणि दगडांचा लोट उठला. एक दगड धावेच्या कडेला येऊन पडला, एकानं देवळाची चार कौलं फोडली. चाक तुटून विहिरीत गेलं. रिबका बैलांच्या पायांत पडली होती आणि बैल तिच्या अंगावरून न जाता थरथरत तिथंच उभे होते.

ती उठून पळाली. काठावर दावीद शमुवेलला दोन्ही हातांनी कवटाळून पडला होता. शमुवेलचा उजवा खांदा भिंतीवर आपटून निखळला होता. उडत्या दगडानं डाव्या पायाचा घोटा चेचला होता. पण डोळे उघडे होते आणि ते तिच्यावर लागले होते.

*

धमाका ऐकून हंबीरराव बांध ओलांडून पळत आले. आजवर ते देवळाच्या पायरीपलीकडं वाडीत कधी आले नव्हते. त्यांनी एकदा शमुवेलच्या पायाकडं बघितलं आणि मागं वळून गड्याला ओरडले, "माजी गाडी जुप! शर्यतीची बैलं लाव!"

गाडीत कडबा टाकला, त्यावर शमुवेलला निजवलं. रिबका त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, पाळक पायाशी. भिलवडी स्टेशन गाठून पुढं रेल्वेनं मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला शमुवेल दात आवळत होता. बऱ्याच वेळानं तो बोलला.

"म्या खूण क्येली नव्हती."

"न्हाई," रिबका म्हणाली.

"मग कशी वडलीस?"

ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली. "भावजींनी वराडून घसा फोडला. तुमास्नी ऐकू ग्येलं न्हाई."

त्यानं डोळे मिटले. मग न उघडताच म्हणाला, "पाळकसायेब, मला डाव्या कानानं कायबी ऐकू येत न्हाई. परवान्यावर सही करताना म्या लपवलं. आज दावीद खाली असता तर त्यो मेला असता."

गाडी ओढ्यातून चढली, तेव्हा पाळक म्हणाले, "मला संशय होता, शमुवेल. देवळात तुम्ही नेहमी भिंत धरून बसता. विचारलं असतं तर विहीर थांबली असती. म्हणून मी विचारलं नाही."

रिबका दोघांकडं बघत राहिली. आपल्या एकटीच्या छातीवर दगड आहे असं ती धरून चालली होती. तो असा वाटला गेलेला बघून तिला हलकं वाटलं नाही, उलट भीती वाटली. तीन मोठी माणसं, तिघंही चांगली, आणि तिघांनी मिळून आपल्यातल्याच एकाला मरणाच्या दारात सोडलं होतं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "म्या बी गप बसले."

मग तिनं पदरानं शमुवेलच्या तोंडावरची धूळ पुसली.

*

पाय वाचला, पण घोटा ताठ राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवस राहून रिबका परत आली. घरी म्हातारी सासू आणि जनावरं होती. पाळकांनी परवाना आणि उरलेली दारू कचेरीत परत केली. रविवारी मंडळीसमोर उभं राहून त्यांनी स्वतःची चूक कबूल केली. त्याबद्दल काही घरं त्यांच्यावर पुढं वर्षभर नाराज होती. दावीद मात्र दुसऱ्याच दिवशी पहार घेऊन विहिरीत उतरला. तिसऱ्या सुरुंगानं पाषाणाची एक अख्खी बाजू उकलली होती. नवं चाक बसवून, हातांनी, पाचरी मारून काम पुन्हा सुरू झालं.

मृगाच्या तोंडावर एका सकाळी पाटी वर आली ती ओल्या दगडांची. दावीदनं खालून काही हाक मारली नाही. दगड बघूनच सगळे धावले. कडेच्या भेगेतून करंगळीएवढी धार येत होती. संध्याकाळपर्यंत तळ झाकला. तानुबाईनं पहिला तांब्या तोंडाला लावला आणि वेडंवाकडं तोंड केलं. "दारूचा वास येतोय गं!"

दुसऱ्या दिवशी रिबकानं एका बाटलीत ते पाणी भरलं, घट्ट बूच लावलं आणि ती मिरजेला गेली. शमुवेल खाटेवर उशीला टेकून बसला होता. खांदा बांधलेला, पाय लाकडी पट्ट्यांत. ती फिरून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं वास घेतला, घोट घेतला आणि एकदम हसला. पाच वर्षांत आणि त्यावर तीन महिन्यांत तिनं त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला.

"किती चडलंय?" त्यानं विचारलं.

"गुडघाभर. पाऊस पडला की कळंल."

"आन् नंद्या? दावीद सांगत हुता, त्यो थांबला व्हता."

"थांबला. सवय हाय त्याची."

"मग चालवलास कसा?"

तिनं पदर सारून खांदा दाखवला. जुवाच्या लाकडाचा वळ अजून काळानिळा होता. शमुवेल त्याच्याकडं खूप वेळ बघत राहिला. मग बाटलीतलं उरलेलं पाणी त्यानं तिच्यापुढं धरलं, आणि तिथंच, सगळ्या रुग्णांसमोर, दोघांनी ती बाटली संपवली.

श्रावणात तो कुबडी घेऊन घरी आला. विहीर त्या वर्षी फाल्गुन अखेरपर्यंत पुरली, बारा महिने नाही. पुढच्या दोन उन्हाळ्यांत वाडीनं पहारींनीच ती आणखी पुरुषभर खाली नेली, तेव्हा कुठं हंबीररावांच्या मळ्यात जायचं थांबलं. मोट रिबकाच हाकत राहिली. शमुवेल वाफ्यांत दारं धरायचा. लंगडत, फावडं घेऊन, एक वाफा भरला की दुसऱ्याचं तोंड फोडायचा. एकोणपन्नास साली त्या पाण्यावर पहिल्यांदा हळद लावली, पाव एकर. शिजवायची कढई हंबीररावांकडूनच आणावी लागली. ती आणायला रिबका गाडी घेऊन एकटीच गेली, या वेळी घागरीशिवाय.